बाईनं नांगर का धरायचा नाही?

चिंचेखालचा

मंडळी, बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकतो. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, पस्तिशीतच विधवा झाली. साल १९६८ च्या आसपास. मराठवाड्यात गोदाकाठापासून थोडं आत गाव, साडेसात एकर रान, पदरात चार पोरं, आणि दिरांशी वाटणी आधीच झालेली त्यामुळे ज्याचं त्यानं बघायचं. तर आजीनं सगळं केलं म्हणजे अक्षरशः सगळं केलं, खुरपणी, काढणी, खळं, कडबा बांधून बाजारात नेऊन विकणं, बैलाचे दात बघून सौदा करणं सुद्धा. ७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली. पण नांगर, कुळव (रान भुसभुशीत करायचा) आणि तिफण (बी पेरायची), बैल जुंपून चालणाऱ्या ह्या तीन औतांना तिनं कधी हात लावला नाही असं घरात सगळे सांगतात. मृगाचा पाऊस झाला की शेजारीपाजारी पेरायला लागायचे आणि आजी बांधावर उभी राहून भावाची वाट बघायची. मामाआजोबा बिचारे आधी त्यांची पेरणी आटपणार, मग औत घेऊन आमच्याकडे येणार, तोवर वाफसा, म्हणजे पेरायला लागते ती ओल, निघून गेलेला. मूग तर जवळजवळ दरवर्षी हातचा जायचा म्हणे.

वडिलांना विचारलं की ती नांगर का नाही धरायची, तर म्हणाले बाईनं औत हाकलं की पाऊस जातो असं म्हणायचे लोक. विषय संपला, पेपर वाचायला लागले.

मला कळत नाही की खडी फोडणारे हात चालतात, पाण्याच्या दोन घागरी डोक्यावर आणि एक कमरेवर चालते, पहाटे चारला उठून पायलीभर दळण दळलेलं चालतं, मग नांगराच्या मुठीलाच काय झालंय? हे फक्त आपल्याकडे आहे का जगात सगळीकडे? आणि ह्याचा परिणाम नुसता शेतापुरता राहिला की बाकी समाजावर पण झाला? जाणकारांनी प्रकाश टाकावा, नुसतं "पितृसत्ता" असं एका शब्दात उत्तर देऊन पळू नये ही विनंती.

भडंग

आला परत स्त्रीमुक्तीचा धागा. शेंगदाणे घेऊन बसलोय.

अर्धवट अर्थशास्त्री

भडंग, बसा बसा.

चिंचेखालचा, प्रश्न एकदम भारी विचारलाय, कारण ह्याच प्रश्नावर अर्थशास्त्रात पन्नास वर्षं डोकेफोड चाललीय. एस्टर बोसरुप नावाच्या डॅनिश बाई होत्या, त्यांनी १९७० मध्ये मांडणी केली की जगात ढोबळमानाने दोन प्रकारची शेती दिसते. आफ्रिकेत सहाराच्या खाली बऱ्याच भागात जमीन मुबलक, जंगलाचा तुकडा जाळायचा आणि कुदळीनं माती हलवून पेरायचं, तिथं शेतीतलं बहुतेक काम बायका करायच्या आणि पीकही बऱ्याच अंशी त्यांच्या ताब्यात असायचं. आणि दुसरीकडे जिथं जनावर जुंपून नांगर चालतो, तिथं शेत पुरुषाचं झालं आणि बाई घराकडे ढकलली गेली. कारण सोपं आहे, बैल आवरायला आणि नांगर जमिनीत दाबून धरायला ताकद लागते, आणि कडेवर मूल घेऊन कुदळ मारता येते, मधेच थांबून त्याला पाजता येतं, चालत्या औतामागे ते जमत नाही.

पुढची गंमत जास्त महत्त्वाची आहे. २०१३ मध्ये आलेसिना, जुलियानो आणि नन ह्या तिघांनी ह्यावर मोठा पेपर लिहिला. त्यांनी कुठल्या समाजाचे पूर्वज नांगर वापरायचे आणि कुठले नाही ह्याची जुनी माहिती गोळा केली आणि आजच्या आकड्यांशी ताडून बघितली. तर नांगरवाल्यांच्या वंशजांमध्ये आजसुद्धा बायका नोकरी धंद्यात, राजकारणात कमी दिसतात. बरं हे फक्त त्याच देशात राहणाऱ्यांचं नाही, अमेरिका युरोपात स्थलांतर केलेल्यांच्या पोरांमध्ये पण हा फरक उरतो! म्हणजे ज्यानं आयुष्यात नांगर फक्त चित्रात बघितला त्याच्याही डोक्यात "बाईची जागा घरात" हे बसलेलं असतं. अवजार गेलं, सवय राहिली.

हे खरं मानलं तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो, झाला, आणि भरपूर झाला" असं आहे. लग्नाच्या देण्याघेण्यावर पण बोसरुपबाईंनी बोट ठेवलं होतं. जिथं बाईच्या श्रमावर शेती चालते तिथं मुलीच्या बापाला पैसे द्यावे लागतात आणि जिथं ती "बसून खाणार" असं समजतात तिथं मुलीचा बाप पैसे देतो. आपल्याकडे नंदुरबार धडगावकडे भिल्ल, पावरा समाजात देज असतं ते आठवा, आणि मग पुण्या-नगरकडचा हुंडा आठवा.

वखरपाळी

थिअरी ऐकायला छान आहे पण आमच्या काळ्या रानात आणून बघा, जरा अडखळते. मी स्वतः शेती करतो, म्हणून लिहितो.

एक म्हणजे दख्खनच्या काळ्या जमिनीत पूर्वी दरवर्षी नांगर घालतच नव्हते. लाकडी नांगराला तीन तीन चार चार जोड्या बैल लागायच्या, ते परवडणार कुणाला, त्यामुळे हराळी कुंदा असलं तण माजलं की काही वर्षांतून एकदा नांगरायचं आणि एरवी नुसत्या वखराच्या नाहीतर कुळवाच्या पाळ्या द्यायच्या. लोखंडी नांगर किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढला तेव्हा लोक म्हणायचे लोखंडानं जमीन विषारी होते, दोन वर्षं नांगर पडून राहिले होते म्हणतात. म्हणजे ज्या नांगरानं समाज घडवला असं पेपर सांगतो तो आमच्या आज्याच्या शेतात वर्षानुवर्षं नुसता गोठ्याच्या आढ्याला टांगलेला असायचा.

दोन म्हणजे पिकं. त्याच पेपरात म्हणतात की गहू, बार्ली ह्यांना नांगर फायद्याचा, ज्वारी बाजरीला तितका नाही. आता महाराष्ट्र काय खात आला हो? भाकरीच ना?

आणि तिसरं, नांगरामुळे खुरपणी कमी होते म्हणून बायकांचं काम कमी झालं असंही त्यात आहे. हे वाचून आमची मंडळी इतकी हसली की विचारू नका. आषाढ श्रावणात कुठल्याही वावरात जा, पंधरा बायका ओळीनं वाकलेल्या दिसतील आणि बांधावर एक गडी उभा असेल. बाई शेतातून घरात गेली हे वरच्या जातीत, मोठ्या वाड्यात झालं असेल. कुणब्याच्या, महार मांगाच्या बाईला कुठलं घर? ती शेतातच होती, फक्त तिचं काम "काम" म्हणून मोजलं नाही.

माझं म्हणणं असं की ताकद वगैरे नंतर शोधलेली सबब आहे. प्रत्येक धंद्यात जे मुख्य अवजार असतं ना, ज्याच्यावरून धंद्याला नाव पडतं, ते बाईच्या हातात द्यायचं नाही, बस. कुंभाराच्या घरात बघा. माती आणणं, कालवणं, तुडवणं, घासणं, रंगवणं, बाजारात विकणं सगळं कुंभारीण करते पण चाकाला हात लावायचा नाही. चाक फिरवायला बैलाइतकी ताकद लागते का? विणकराकडे बाईनं कांड्या भरायच्या आणि मागावर नवरा बसणार. आणि हेच आसामात जा, तिथं मागावर बाईच बसते, घरोघरी बसते, विणता येत नाही ती पोरगी कसली असं तिथं म्हणतात. तोच माग, तोच धागा. मग अंगातली ताकद पैठणला एक आणि गुवाहाटीला दुसरी असते का?

अर्धवट अर्थशास्त्री

पिकांचा मुद्दा मान्य, तो मलाही खटकला होता. पण वखर, कुळव, तिफण हे सगळं बैलाचंच औत आहे ना? पेपरातला "नांगर" म्हणजे जनावर जुंपलेलं औत असं धरलं तर थिअरी पूर्ण मोडत नाही. आसामचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही.

सरत्यावरची बाई

वऱ्हाडातून लिहितेय. आमच्याकडे तिफणीला मागून सरता बांधतात, बांबूची नळी असते, तिच्यातून बी सोडायचं. सरत्यावर बाईच लागते. पाऊल आणि मूठ एका लयीत चालली पाहिजे, नाहीतर कुठं दाट कुठं पातळ. माझी आई सरत्यावर चालायची, पेरणीच्या दिवसात चार गावचे लोक बोलवायला यायचे तिला. तिफण हाकणाऱ्याला कोणी विचारत नव्हतं, तो कोणीही मिळतो. पण "पेरलं कोणी?" असं विचारलं की नाव त्या तिफणवाल्याचं. बी माझ्या आईच्या मुठीतून पडलं आणि पेरणारा तो!

त्यामुळे वखरपाळी यांच्याशी सहमत. कौशल्य कुठं आहे ह्याचा आणि मान कुठं आहे ह्याचा संबंध नाही.

पाऊस जातो ह्याबद्दल एक उलटी गोष्ट सांगते. उत्तर प्रदेश बिहारकडे पाऊस पडला नाही की बायकाच रात्री शेतात जाऊन नांगर ओढतात, अंगावर कपडे न ठेवता, आणि पुरुषांनी तिकडे फिरकायचंसुद्धा नाही असा नियम. म्हणजे बाईनं नांगर धरला तर तिकडे पाऊस येतो आणि मराठवाड्यात जातो. देवाला नक्की काय आवडतं ते एकदा बसून ठरवायला पाहिजे.

भडंग

हे माहीत नव्हतं. शेंगदाणे खाली ठेवले.

मृदगंध

ह्याच्या मागे बीजक्षेत्राची कल्पना आहे असं मला वाटतं. बाई म्हणजे जमीन आणि पुरुष म्हणजे बी पेरणारा, हे स्मृतींच्या काळापासून चालत आलंय, धर्मशास्त्रात मूल कोणाचं ह्याचा वाद सुद्धा शेत कोणाचं आणि बी कोणाचं ह्याच भाषेत चालतो. सीता नांगराच्या तासात सापडली, सीता शब्दाचा अर्थच तास. आणि बलराम हलधर, म्हणजे नांगर धरणारा. जमीन बाई असेल तर तिच्यावर नांगर धरणारा कोण असायला पाहिजे हे ठरूनच गेलं, बाईनं नांगर धरणं म्हणजे अब्रह्मण्यम.

अवांतर: जिजाऊंनी पुण्यात सोन्याचा नांगर फिरवला असं आपण शाळेपासून ऐकतो. पण चित्रात नीट बघा, नांगराला हात बाल शिवाजीचा असतो. जिजाऊ बाजूला उभ्या.

जोतावाली काकू

कोकणातून माझे दोन शब्द. आमच्याकडे पुरुष होतेच कुठे हो! सगळे गिरणीत, नाहीतर गोदीत, नाहीतर कुणाच्या तरी खोलीत वीस जणांबरोबर पथारी टाकून. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सुद्धा हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, आणि हे काही आजचं नाही, पिढ्यान् पिढ्या असंच. मनीऑर्डर यायची, गणपतीला माणूस यायचा, तोवर भात पोटरीला आलेलं.

मग तुम्हाला वाटेल कोकणातल्या बाईनं तरी जोत, म्हणजे बैलांचा नांगर, धरलं असेल. नाही! लावणी, बेणणी, कापणी, झोडणी सगळं आम्ही, पण जोताला गडी शोधत फिरायचं. ज्याच्याकडे बैल त्याच्या दारात चार हेलपाटे, त्याच्या शेतात दोन दिवस फुकट लावणी करून द्यायची तेव्हा तो एक दिवस चिखलणी करून देणार. म्हणजे बघा, पुरुषाचा एक दिवस बरोबर बाईचे दोन दिवस, हा भाव कुणी ठरवला माहीत नाही पण सगळ्यांना पाठ होता. गडी मिळाला नाही म्हणून भाताचे कुणगेच्या कुणगे (खाचरं) पडीक गेलेले मी पाहिलेत.

आता आमच्या वाडीत दोघी जणी पॉवर टिलर चालवतात. तो धूड आवरायला बैलापेक्षा कठीण आहे, हात बधिर होतात. पण त्याला कोणी पाऊस जाईल म्हणालं नाही. त्याला शिंगं नाहीत म्हणून असेल.

वखरपाळी

काकू, तुमच्याकडे टिलर आला हे चांगलं, पण आमच्या घाटावर ट्रॅक्टरचं उलट झालंय. ट्रॅक्टरला ताकद काय लागते, पॉवर स्टिअरिंग, बटणावर हायड्रॉलिक. ताकदीची सबब तिथं संपायला हवी होती. पण गावात ट्रॅक्टरवर पोरगंच बसतं, मिसरूड न फुटलेलं का असेना. आणि तणनाशक आलं तसं खुरपणीच्या बायकांचं काम गेलं. यंत्र आलं तेव्हा पुरुषाचं काम सोपं झालं आणि बाईचं काम गायब झालं.

सातबारा कोरा

आता नाव कुणाचं ह्यावर बोलतो, कारण चिंचेखालचा यांचा दुसरा प्रश्न (समाजावर परिणाम) मला वाटतं इथं सगळ्यात जास्त लागतो.

शब्दापासून सुरू करा. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, गावची पाटीलकी करणारी बाई नव्हे. शेतकरीण म्हटलं तरी बहुतेकांच्या डोळ्यासमोर शेतकऱ्याची बायको येते. आणि कुणबीण तर बघूच नका, पेशवाईच्या कागदांत कुणबीण म्हणजे शेती करणारी बाई नाही, विकत घेतलेली दासी. शेत कसणाऱ्या बाईला नाव द्यायची वेळ आली तेव्हा भाषेनं हे असं केलं.

मग नांगर ज्याचा तो शेतकरी, शेतकरी तो खातेदार, आणि खातेदार असेल त्यालाच पीककर्ज, त्यालाच नुकसानभरपाई. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या खातेदारांत बायका साधारण १४ टक्के. शेतात वाकलेल्या मोजा आणि मग हा आकडा बघा. आमच्या एका मावशीच्या नवऱ्यानं जीव दिला तेव्हा ती कर्जाच्या चौकशीला गेली, काउंटरवरचा माणूस म्हणाला "शेतकऱ्याला पाठवा". तो शेतकरी आठ दिवसांपूर्वी जाळला होता आम्ही.

ह्याच्यावर काम झालंच नाही असं नाही. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं, लाखांनी बायका आल्या होत्या, आणि त्यानंतर काही वर्षांत शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली, नवऱ्यानं स्वखुशीनं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. बऱ्याच गावांत लोकांनी केलाही. जोशींच्या बाकीच्या भूमिकांवर माझे मतभेद आहेत पण सरकारी फतव्याशिवाय बाईच्या नावाचा सातबारा निघाला ही साधी गोष्ट नाही. मग १९९४ ला राज्यानं कायदा बदलून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा वाटा दिला, २००५ ला तेच देशभर झालं, आणि २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की २००५ ला वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. कागदावर फिट्टमफाट. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला माहितीये, बहिणींना जेवायला बोलावून साडी देतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. माहेर तुटायला नको म्हणून त्या करतात पण.

मजुरीचं पण सांगतो. वि. स. पागेसाहेबांनी रोजगार हमी (मागेल त्याला काम देणारी राज्याची योजना) काढली, ७२ च्या दुष्काळात ती रुजली आणि १९७७ ला कायदा झाला. त्यात कामाच्या मोजमापावर दाम, बाई असो की गडी. चिंचेखालचा, तुमची आजी ज्या खडीवर गेली तिथं तिला फुटलेल्या खडीच्या ढिगावर पैसे मिळाले असतील, बाई म्हणून अर्धे नाही. त्याच गावात पाटलाच्या रानात तिला गड्याच्या निम्मे मिळाले असते. म्हणून बायका हमीच्या कामावर तुटून पडायच्या.

आणि ऊसतोडीत अजून नवरा बायको मिळून "एक कोयता". उचल, म्हणजे आगाऊ पैसे, नवऱ्याच्या हातात, मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं. एकटा माणूस आला तर तो "अर्धा कोयता". एकट्या बाईचं नाव त्या वहीत क्वचितच दिसतं.

मृदगंध

शेवटच्या वाक्यावर बराच वेळ थांबले.

चिंचेखालचा

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. आसामचं उदाहरण आणि काकूंचा एकाला दोन हा भाव दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

काल आत्याला फोन केला, ती भावंडांत मोठी. ती म्हणाली अरे आई कोळपं धरायची की, कोळप्याला कोणी काही म्हणायचं नाही. मी म्हटलं त्यालाही बैलच असतात ना? म्हणाली असतात, पण कोळपणी म्हणजे पिकाच्या ओळींतलं तण काढणं, खुरपणीचंच भावंड, ती बाईची. म्हणजे बैल असून चालतं, फक्त काम "बायकी" पाहिजे. वखरपाळी, हे तुमच्या खात्यात जमा करा.

आणि मग तिनं जे सांगितलं ते मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. एका वर्षी मामाआजोबा तापानं पडले, यायची शक्यताच नव्हती. आजीनं माझ्या वडिलांना, वय वर्षं अकरा, डोक्याला टॉवेल बांधून तिफणीच्या रुमण्याला (धरायच्या दांड्याला) हात लावायला लावला आणि स्वतः शेजारून कासरा धरून चालली. एक हात कासऱ्याला, एक हात पोराच्या हातावर. सगळं रान असं पेरलं. गावात कोणी विचारलं तर सांगायचं की पोरानं पेरलं. मृदगंध यांचं सोन्याच्या नांगराचं वाचल्यावर मला एकदम काटा आला.

रात्री वडिलांना विचारलं, खरंय का हे? तर म्हणाले हो, हात सोलून निघाले होते माझे, रुमणं माझ्या खांद्याएवढं होतं. मी म्हटलं मग त्या दिवशी मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं? तर म्हणे तू नांगराचं विचारलं होतंस, तिफणीचं कुठं विचारलंस.

सातबारा कोरा

वडील तलाठी होते का हो तुमचे?